टाचणीबाईंची ढील

वास्तुकला विभागात दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या बाईंना पोरं तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की ‘टाचणी’. नाव उगाच पडलं नव्हतं. बाईंच्या कॉलरच्या आतल्या बाजूला सदा पाचदहा टाचण्या खोचलेल्या असत. कुणाची आराखड्याची शीट भिंतीवरून लोंबताना दिसली की चालता चालता एक काढायची आणि खच्चकन टोचायची. टोचता टोचता त्या शीटच्या मालकालाही. “हा जिना कुणासाठी रे? बकऱ्यांसाठी?” एवढं म्हणून बाई पुढच्या टेबलाशी. पोरगं दिवसभर पायऱ्या मोजत बसायचं आणि संध्याकाळी मुकाट्यानं जिना खोडायचं.

बाई काही आभाळातून पडल्या नव्हत्या. याच विभागात शिकल्या, याच टेबलांवर डोकं टेकून झोपल्या, आणि इथंच शिकवायला लागल्या. घरी चष्म्याचं दुकान चालवणारा नवरा आणि सासूबाई. सासूबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, पण ती बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचली नव्हती.

विभागाचा एक दंडक होता, बाईंच्याही आधीपासूनचा. सबमिशनच्या दिवशी पाचला स्टुडिओचं दार आतून बंद. पाच म्हणजे पाच. कुठल्याही वर्षाचं सबमिशन असो, कडी घालायचा मान बाईंचा. एखादं पोरगं मॉडेल छातीशी धरून जिन्यातून धावत येतंय हे काचेतून दिसलं, तरी कडी ती कडी. उशीर चालायचा तो फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर, नाहीतर घरात कुणी गेलं तर. त्यामुळे सबमिशनच्या आठवड्यात आज्या पटापट वारायच्या. एकाची आजी तर दर सत्राला जायची. बाईंनी त्याला शेवटी विचारलंच, “अरे, तुझे आजोबा लग्नं करून दमत कसे नाहीत?”

आणि जागरणाला तिथं फार मान. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना पहिली दीक्षा द्यायची ती जागण्याची. टेबलांखाली गाद्या, खिडकीत चहाचे पेले, बोटांना वाळलेला डिंक, आणि डोळे असे की रस्त्यावरच्या कुत्र्यानं बाजूला व्हावं. जो नीट झोपला तो कच्चा गडी. बाईंनाही त्यात वावगं वाटायचं नाही. सोनं आगीतून गेल्याशिवाय उजळत नाही, असं त्या म्हणायच्या. आगीतून गेल्यावर राखही होते, हे त्यांच्या डोक्यात यायला एक घर यावं लागलं.

झालं असं. सबमिशन उरकलं, मार्क लागले, आणि एक उंच, ढांगळा मुलगा आपलं मॉडेल काखोटीला मारून बाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“मॅडम, माझे मार्क कमी करा.”

उभ्या नोकरीत बाईंकडे असं कुणी मागितलं नव्हतं. “का रे बाबा? ताप आलाय का?”

“नाही. माझ्या घराला दार नाहीये.”

बाईंनी चष्मा पुसला आणि मॉडेल गोल गोल फिरवून पाहिलं. खिडक्या होत्या. गच्ची होती. गच्चीत कुंडी, कुंडीत काडीएवढं झाड. जिना तर असा देखणा की हात फिरवावा. दार मात्र नव्हतं. चारी बाजूंनी नव्हतं. आणि खाली चिकटवलेल्या कागदावर, बाईंच्याच टोकदार अक्षरात शेरा होता, ‘येण्याजाण्याची सोय उत्तम.’

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली आणि मग जे हसायला लागली ते शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले. हसून हसून डोळे पुसत ढांगळा म्हणाला, “मी आख्खा आठवडा झोपलोच नव्हतो मॅडम.”

“तपासताना मी तरी कुठं झोपले होते?” बाई म्हणाल्या, आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं.

घरी जेवताना त्यांनी ही गंमत सांगितली. नवरा म्हणाला, “पाठवून दे दोघांना दुकानात. स्वस्तात नंबर काढून देतो.” सासूबाईंनी मात्र घास खाली ठेवला. “आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, याला तुम्ही विद्यापीठ म्हणता? माझ्या शाळेत चौथीतल्या पोरालासुद्धा कळायचं की घराला आधी दार काढायचं.”

“अहो आई, त्याला कळतं की. त्या दिवशी कळत नव्हतं.”

“मग तो दिवस कुणी ठरवला होता?”

दिवस बाईंनीच ठरवला होता.

पुढच्या सत्राच्या आधी बाई विभागप्रमुखांसमोर जाऊन बसल्या. प्रमुख म्हणजे सरळमार्गी माणूस, पण नियमात वाढलेला. त्यांची पेन्सिलसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर असायची. बाईंनी आपली योजना सांगितली. आराखड्याची तारीख राहील, पण प्रत्येक मुलाला सत्रात तीन वेळा ढील. पतंगाला देतात तशी. ‘ढील हवी’ एवढं म्हणायचं, तारीख एक आठवडा पुढे. कारण विचारायचं नाही, चिठ्ठी मागायची नाही, आज्यांना मारायचं नाही.

“मॅडम, यांना बोट दिलं की हात धरतात,” प्रमुख म्हणाले. “उद्या म्हणतील, परीक्षाही आमच्या सवडीनं घ्या. बाहेरचं जग यांना ढील देणार आहे का?”

“सर, बाहेरच्या जगात पूल बांधायला उशीर झाला तर लोक थांबतात. कठडा नसलेला पूल वेळेवर दिला तर थांबतील का? एवढी वर्षं पाचला कडी घालून आपण यांना शिकवलं काय? पळायला.”

प्रमुखांनी पेन्सिल उचलली, पुन्हा समांतर ठेवली. “एक सत्र देतो. शेवटी बाहेरचे परीक्षक येतील, तेव्हा प्रत्येकाचं काम भिंतीवर दिसलं पाहिजे. एका जरी पोराची भिंत कोरी राहिली, तरी पुढच्या सत्रापासून पाच म्हणजे पाच. आणि कडी तुम्हीच घालायची.”

“घालीन,” बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, हा तर हातचा मळ.

त्या सत्राचं काम होतं एका न्हाव्याचं दुकान. दोन इमारतींच्या मधली चिंचोळी जागा, पुढे दुकान, मागे त्याच्याच कुटुंबाचं घर. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, माथ्यावर दुसऱ्यांचे मजले, पाठीला गोदाम. उजेड काय तो रस्त्याकडून. पोरांनी खऱ्या दुकानात जाऊन बसायचं, मापं घ्यायची, मग आराखडा. वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे वकील म्हणत, कारण तो पंख्याच्या वेगावरूनही वाद घालायचा. तो मापं घ्यायला गेला आणि बोलता बोलता डोकं भादरूनच परत आला. “अनुभवाशिवाय रचना नाही,” म्हणाला.

ढील तर अशी चालली की बाई मनातल्या मनात फुगल्या. पहिल्या तारखेला निम्म्यांनी ढील घेतली, पुढच्या वेळी त्याहून कमी. टेबलांखालच्या गाद्या गेल्या. पोरं दुपारी जेवायला लागली, जेवताना एकमेकांशी बोलायला लागली. एका मुलीनं तर सबमिशनच्या दिवशी केस धुतले होते. विभागाच्या इतिहासात हे प्रथमच. आज्याही ठणठणीत झाल्या.

वर्गात सगळ्यांत कामसू मुलगी होती तिला मुंगी म्हणत. अंगानं एवढीशी, आणि रेघ अशी बारीक की बाईंनी तिच्या शीटवर टाचणी टोचताना भोक कुठं पडेल याचा विचार करावा. मुंगीनं पहिली ढील मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, “घे की.” दुसरी मागितली, “घे.” तिसरी तिनं फोनवर लिहून मागितली. बाईंनी तिथंच ‘घे’ लिहिलं आणि विसरून गेल्या. कारण विचारायचं नाही, हा नियम त्यांचाच होता, आणि तो पाळताना त्यांना जरा छानच वाटायचं.

मग मुंगी स्टुडिओत दिसेनाशी झाली. परीक्षक यायला थोडे दिवस उरले असताना वकील बाईंच्या टेबलाशी आला. त्याच्याकडे वाद नव्हता, तेव्हाच बाईंनी ओळखलं काहीतरी बिनसलंय.

“मॅडम, मुंगी घरी चाललीय. कायमची. म्हणते, हे आपल्याच्यानं होणार नाही.”

“कुणाच्यानं? मुंगीच्यानं? अरे, तिच्याच्यानं नाही तर या वर्गात कुणाच्यानं होणार आहे?”

“तिची भिंत कोरी आहे मॅडम. एक शीट नाही.”

बाईंच्या डोळ्यांसमोर आधी प्रमुखांची पेन्सिल आली, खोटं कशाला बोला. पण जिना उतरेपर्यंत ती पुसली गेली आणि उरली ती मुलगी.

मुलींच्या होस्टेलात मुंगीची खोली कोपऱ्यातली. पलंगाशी अर्धी भरलेली बॅग. टेबलावर दिवा, पट्ट्या, आणि टेबलाखाली कागदांचे बोळे, गुडघ्याएवढा ढीग. बाईंनी न विचारता एक बोळा उचलून उलगडला. न्हाव्याचं दुकान. दुसरा उलगडला. तेच दुकान, पुन्हा पहिल्यापासून. तिसरा, चौथा. प्रत्येक कागद असा की कुठल्याही भिंतीवर शोभावा.

“हे सगळं फाडायचं कारण?”

“उजेड मॅडम.” मुंगी पलंगाच्या कडेला बसली. “खुर्ची खिडकीशी ठेवली की दुकानात उजेड, पण मागे स्वयंपाकघरात मिट्ट काळोख. दुकान एका बाजूला भिंतीआड सारून रस्त्यापासून सरळ बोळ काढला की घरात उजेड जातो, पण न्हाव्याला दिवसा दिवा लागतो. मी इकडे देते, मग रात्रभर तिकडचा विचार येतो. मग ढील घेते आणि तिकडे देते.”

“समुपदेशकांकडे गेली होतीस?”

“गेले होते. ताई चांगल्या आहेत. स्वतःवर दडपण आणू नकोस म्हणाल्या. आता दडपण येतंय ते येतंच, वर ते यायला नको होतं याचंही येतं.”

बाईंना हसू आलं. मुंगीलाही आलं, पण तिचं अर्ध्यात मोडलं.

“मॅडम, राग येऊ देऊ नका. पण पाचची कडी होती तेव्हा बरं होतं. तुम्ही हातातून ओढून घ्यायचात. काम वाईट असलं तरी म्हणता यायचं, वेळ नव्हता. सुटका व्हायची. आता वेळ आहे ना. आता वाईट झालं तर ते माझंच.”

बाई ढिगाकडे बघत बसल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, पोरांना काय हवंय तर वेळ. या पोरीला त्यांनी वेळच वेळ दिला होता, आणि ती त्यात एकटीच गटांगळ्या खात होती. कारण विचारायचं नाही म्हणता म्हणता विचारपूसही करायची राहून गेली होती.

“कडी मी परत घालणार नाही,” बाई म्हणाल्या. “तुझ्यासाठीसुद्धा नाही. तू बॅग भर नाहीतर रिकामी कर, तुझी मर्जी. फक्त बुधवारी स्टुडिओत ये. काम आणू नकोस. नुसती ये.”

बुधवारी वर्गात शिरल्या शिरल्या बाईंनी फळ्यावर एक चुरगळलेली शीट टोचली. पोरं जवळ आली. ते एक स्वयंपाकघर होतं.

“हे माझ्या घरचं,” बाई म्हणाल्या. “आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली, तितकी वर्षं हा आराखडा चाललाय. अजून ओटा हललेला नाही. घरचे म्हणतात, गावभर घरं शिकवते आणि स्वतःच्या दिव्याखाली अंधार. पूर्ण झाल्यावरच दाखवायचं, असं माझं ठरलेलं. आज अर्धवट दाखवतेय. बोला.”

वकिलानं घसा साफ केला. “मॅडम, फ्रिजचं दार उघडलं की माणूस कुठं उभा राहणार? फ्रिजमध्ये?”

वर्गात हशा पिकला. मग काय, सुटलीच पोरं. ओटा उंच आहे. खिडकी कुणासाठी, मांजरासाठी? सासूबाईंना बसायला जागा कुठाय? बाई खाली मान घालून खुणा करत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, “हळू रे, लागतं.” एवढी वर्षं टोचणारी टाचणी पहिल्यांदाच पोरांना उलट्या टोकानं दिसत होती.

“आता तुमचं,” बाई म्हणाल्या. “जे जसं असेल तसं. मार्क नाहीत. खोडलेलं, फाटलेलं, अर्धं, सगळं चालेल. दर बुधवारी हेच. ढील ज्याची त्यानं घ्यावी, पण बुधवारी भिंतीवर काहीतरी लागलंच पाहिजे. एकट्यानं खोलीत बसून कुढायचं नाही.”

कच्चे कागद भिंतीवर चढायला लागले. मुंगी दाराशी उभी होती. खूप वेळानं तिनं पिशवीतून एक बोळा काढला, मांडीवर ठेवून सरळ केला आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिच्याकडे टाचणी नव्हती. बाईंनी कॉलरमधली एक काढून दिली. टोचली नाही, नुसती दिली.

मुंगीच्या कागदासमोर वर्ग भांडला. वकील दुकानाच्या बाजूनं. “धंदा आहे तर घर आहे! कान कापला गेला तर गिऱ्हाईक येईल का?” केस धुणारी मुलगी उसळली, “आणि घरातल्या बाईनं जन्मभर काळोखात निवडणं-टिपणं करायचं? तू ये तिथं राहायला.” ढांगळा या वर्गातला नव्हता, वरच्या वर्षाला गेला होता, पण भांडण ऐकून तोही आत घुसला आणि म्हणाला, दाराकडे लक्ष असू द्या म्हणजे झालं. मुंगी आधी ऐकत होती. मग बोलायला लागली. मग तिनं वकिलाला गप्प केलं, आणि हे आजवर कुणाला जमलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती शीट होस्टेलला गेली ती बोळा न होता, गुंडाळी होऊन गेली.

परीक्षक आले. पिकलेल्या दाढीचे, शहराशहरांत इमारती उभ्या केलेले गृहस्थ. प्रमुख त्यांच्यासोबत, हात मागे बांधून, एकेका भिंतीवरून नजर फिरवत. बाई मागे उभ्या. मुंगीच्या भिंतीवर किती शीट लागल्यात, हे त्यांनी मुद्दाम आधी पाहिलं नव्हतं.

मागितल्या होत्या त्यापेक्षा कमी होत्या. मॉडेलही साध्या पुठ्ठ्याचं, रंग नाही. पण उभं होतं. रस्त्यापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ सरळ आत गेला होता, आणि मुंगीनं दिवा धरला तेव्हा उजेड त्या बोळातून थेट ओट्यावर जाऊन पडला.

परीक्षक वाकून बघत राहिले. “म्हणजे दुकान अंधारात?”

“दिव्यावर,” मुंगी म्हणाली. आवाज बारीक होता, पण रेघ सरळ होती. “दुकान संध्याकाळी बंद होतं, तिथला दिवा विझतो. घराला सुटी नसते.”

“मी असतो तर उजेड दुकानाला दिला असता.”

“मीही दिला होता सर. बरेचदा. दर वेळी मागच्या खोलीत बसवेना.”

“आणि हेच बरोबर, अशी खात्री आहे?”

मुंगीनं परीक्षकांकडे पाहिलं, मग मॉडेलकडे.

“खात्री नाही. पण मी हेच ठरवलंय.”

परीक्षकांनी दाढी खाजवली आणि प्रमुखांकडे वळून म्हणाले, “माझ्याकडे नोकरीला आहेत त्यांना हे वाक्य येत नाही हो.” मग ते पुढच्या भिंतीकडे गेले.

प्रमुख तिथंच थांबले. कमी पडलेल्या शीटच्या जागेकडे त्यांनी बोट केलं. “मॅडम, हे पूर्ण नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तितके मार्क जातील. मी स्वतः कापीन.”

“हं.” प्रमुखांनी वर्गभर नजर टाकली. कुणी टेबलावर डोकं टाकून झोपलं नव्हतं, आणि कोरी भिंत एकही नव्हती. “चालू द्या तुमची ढील. पण तो बुधवार मोडायचा नाही. ढील आहे तर बुधवारही आहे.”

“मी म्हणणारच होते, सर.”

“माहीत आहे मला. म्हणून आधी म्हणालो.”

पांगापांग झाली. पोरं आरडाओरडा करत खाली गेली. बाई टाचण्या गोळा करत होत्या, तेव्हा मुंगी आपल्या भिंतीपाशी घुटमळताना दिसली. नाक शीटला लागेल इतकी जवळ.

“मॅडम, या कोपऱ्यात एक रेघ चुकलीय. आणि बोळ हातभर रुंद केला तर... मार्क लागायला अजून वेळ आहे ना? मी रात्रीतून सगळं पुन्हा...”

बाईंच्या जिभेवर ‘खबरदार’ आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

“तुझ्या तिन्ही ढिली संपल्यात. पण चौथी देते. घेऊन जा काढून. कारण विचारणार नाही.”

मुंगीनं टाचणीला हात लावला. बाई मुकाट्यानं दुसऱ्या भिंतीकडे वळल्या आणि तिकडच्या टाचण्या काढत राहिल्या. एकेक टाचणी डबीत पडत होती.

“मॅडम.”

“हं?”

“नको. असू दे.”

“रेघ चुकलीय म्हणालीस.”

“चुकलीय,” मुंगी म्हणाली. “पुढच्या घराला नीट काढीन.” आणि पिशवी खांद्याला लावून, पोरांच्या आवाजाच्या दिशेनं जिना उतरून गेली.